लिलिपुतास: लिथुआनियाचं बुटकं चीज आणि ते खायची रीत

नेमुनाकाठी

मंडळी, कौनसला येऊन मला तीन वर्षं होत आली. पहिलं वर्षभर दुकानात चीजच्या फळीसमोर उभी राहायचे, लेबलं वाचायचा प्रयत्न करायचे आणि दरवेळी ओळखीचा गौडा उचलून घरी यायचे. लिथुआनियात राहून डच चीज खाणं म्हणजे कोल्हापुरात राहून इडली खाण्यासारखं, हे कळायला वेळ लागला.

शेवटी शेजारच्या आजींनी मार्गाला लावलं. एकदा जिन्यात भेटल्या, माझ्या पिशवीत सरळ डोकावल्या (इथली माणसं अबोल म्हणून प्रसिद्ध, पण आजी त्या आजीच), गौडा बघून मान हलवली आणि काही न बोलता वर गेल्या. संध्याकाळी दार वाजलं. हातात बशी. बशीत बोटभर जाडीच्या पिवळसर गोल चकत्या, एका कडेला कणीदार तुपासारखा थिजलेला मध, शेजारी काळ्या पावाचे दोन तुकडे. मी चकती पावावर ठेवायला गेले तर हातावर हलकी चापट बसली. आधी नुसतं खायचं! खाल्लं. आधी लोण्यासारखं लागलं, मग आंबूस, आणि गिळल्यावर घशाशी बारीकशी चुरचुर. मग मध लावून. पाव सगळ्यात शेवटी. हा क्रम आजी आजही मोडू देत नाहीत.

ते चीज म्हणजे लिलिपुतास. नाव गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुटच्या बुटक्यांवरून, कारण एकेक नग जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. उभट लंबगोल डबा असतो ना, तसा आकार. चीजची चाकं केवढाली असतात ते आठवा, म्हणजे नावातली गंमत कळेल. जात निमकडक: सुरीने सरळ कापलं जातं, चुरा होत नाही आणि बोटाने दाबलं तर थोडं दबतं. हे होतं बेल्वेदेरिसला, युर्बार्कस जिल्ह्यात. नेमुनस नदीच्या उंच काठावर तिथे जुना वाडा आहे, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे दुग्धव्यवसायाची शाळा होती. पिकवायला किमान महिनाभर ठेवतात आणि त्या खोल्यांतली बुरशीही चवीला हातभार लावते. नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे कोल्हापुरी गुळाला आहे तसंच. दुसऱ्या गावाने तसंच चीज केलं तरी त्याला लिलिपुतास म्हणता येत नाही.

खाण्याबद्दल माझी मतं आता आजींइतकीच कडक झाली आहेत. फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. गार असताना त्याला रबराची चव असते, आणि मग लोक म्हणतात की काही खास नाही. जेवढं लागेल तेवढंच कापा. उरलेलं प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळू नका, घाम सुटतो. बटरपेपरात गुंडाळून डब्यात ठेवा. आणि कृपा करून पिझ्झ्यावर किसू नका. हे तोंडी लावणं नाही. हाच खाऊ आहे.

तुमच्यापैकी कोणी खाल्लंय का? इथलं दुसरं पांढरं, घरगुती चीजही मला फार आवडतं, त्याबद्दलही बोलू.

खवय्या_खान्देशी

फोटो कुठाय? फोटोशिवाय पाककृतीच्या विभागात धागा काढणं हा दखलपात्र गुन्हा आहे.

नेमुनाकाठी

फोटो काढेपर्यंत उरत नाही हो.

शाकाहारी_सदू

नेहमीचा प्रश्न, रागावू नका. हे शाकाहारी आहे का? दूध गोठवायला घालतात ते रेनेट कुठलं असतं, वासराच्या पोटातलं तर नाही ना? मुलगी सप्टेंबरात कौनसलाच मेडिकलला येतेय. आमच्याकडे अंडंही चालत नाही.

नेमुनाकाठी

काका, रागवायचं काय त्यात. मी स्वतः पहिले सहा महिने लेबलांचे फोटो काढून घरी येऊन भाषांतर करत बसायचे.

लिलिपुतास रेनेटने लावलेलं चीज आहे. घटकांच्या यादीत चार शब्द ओळखायला शिकवा तिला. पिएनस म्हणजे दूध. द्रुस्का म्हणजे मीठ. राउगस म्हणजे विरजण (पावाच्या आंबवणालाही हाच शब्द). आणि फर्मेंतस, म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम. फर्मेंतसच्या आसपास 'मिक्रोबिनिस' असं लिहिलेलं असेल तर ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं, बिनधास्त घ्या. तसं काही लिहिलेलं नसेल तर विचारल्याशिवाय नको.

पांढऱ्या चीजचा मामला उलटा आहे. ते आंबटपणाने फाटलेल्या दुधाचं, म्हणजे बहुतेक वेळा रेनेटचा संबंध नाही. पण घरगुती पद्धतीत अंडी पडतात! तीन लिटर दूध उकळत आणायचं, पाच-सहा अंडी आणि अर्धा किलो ग्रिएतिने (आंबट साय) एकत्र फेटून त्यात ओतायची, फाटलं की गाळून दाबायचं. बाजारात आजीबाई विकायला बसतात त्यांना विचारायला हवं. 'बे किआउशिन्यू', म्हणजे बिनअंड्याचं. एवढं पाठ करून पाठवा तिला.

शाकाहारी_सदू

वहीत उतरवून घेतलं. धन्यवाद. विद्यापीठाने पाठवलेल्या माहितीपत्रकापेक्षा हे जास्त उपयोगी आहे.

आजीचा_पंचा

म्हणजे शेवटी पनीरच की. युरोपात गेलं की त्याला मानांकन मिळतं, आपल्याकडे मिळतो पालक.

नेमुनाकाठी

नाही हो, पनीर नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पनीर आपण गोड दूध उकळून त्यात लिंबू पिळून फाडतो. इथे मूळ पद्धतीत दूध आधी विरजतात, पार दह्यासारखं आंबू देतात, आणि मग मंद आचेवर अगदी हळू तापवतात. हिरवट पाणी वेगळं झालं की तो चोथा म्हणजे वर्श्के. चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी. या वर्श्केत मीठ घालून, बहुतेकदा शहाजिरे घालून, तिकोनी शिवलेल्या तागाच्या पिशवीत भरतात आणि दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवतात. पिशवीला नावही आहे, सूरमाइशिस. म्हणून हे चीज चपट्या त्रिकोणी बोचक्यासारखं दिसतं. जवळून बघितलं तर अंगावर कापडाची वीण उमटलेली असते, कडेने शिवणीची रेघ असते आणि टोकाशी पिशवी आवळल्याच्या चुण्या. मी तर विकत घेताना वीण बघूनच घेते. साच्यातलं कारखान्याचं चीज गुळगुळीत असतं.

ताजं असतं तेव्हा मऊ असतं. वाळवलं की कडक होत जातं, आणि धुरी दिली की बाहेरून तांबूस, आतून पांढरं. धुरी दिलेल्याला रूकीतस म्हणतात. या वर्श्केच्या चीजलाही युरोपीय मानांकन आहे, आणि कोणी अस्सल लिथुआनियन चीज कोणतं असं विचारलं तर खेड्यातला माणूस लिलिपुतासचं नाव घेणार नाही, याचंच घेईल.

लाल_भोपळा

पनीर नाही म्हणताय, पण आमच्या घरी त्याचं पनीर झालेलं आहे. दीर व्हिल्नियसहून आले तेव्हा मार्चमधल्या काझ्युको मुगे नावाच्या जत्रेतून दोन बोचकी घेऊन आले होते. मी ऑफिसात. सासूबाईंनी कापडातून काढलं, वास घेतला, म्हणाल्या पनीर जरा जुनं दिसतंय, आणि चौकोनी तुकडे करून पालकात सोडले! संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. दीर एक घास खाऊन गप्प. दुसरा घास खाऊन म्हणाले, वहिनी, पालकात शहाजिरे घातलेत का?

सांगायचं म्हणजे चांगलं लागलं. तुकडे अजिबात विरघळले नाहीत.

चक्काधारी

विरघळणार नाहीतच. डेअरीत नोकरी केली आहे म्हणून सांगतो. आंबटपणाने दूध गोठतं तेव्हा प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवणारं कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं. मग गरम केलं तर ते चीज वाहत नाही, फक्त पाणी सोडतं आणि घट्ट होतं. पनीर तळता येतं ते याच कारणाने. रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियम बरंचसं आत राहतं, म्हणून ते तापवलं की वितळतं. म्हणजे तुमचं लिलिपुतास पालकात घातलं असतं तर तारा सुटल्या असत्या.

धागाकर्त्या ताईंना एक विचारायचंय. फाटलेल्या दुधाच्या पाण्याचं तिथे काय करतात?

नेमुनाकाठी

इश्रूगोस म्हणतात त्याला. आजी त्यात पावाची कणीक भिजवतात. त्यांच्या लहानपणी गावाकडे ते डुकरांना जायचं, हे त्यांनीच सांगितलं. मी थालीपीठ भिजवते. भाजणी आईने पाठवलेली, पाणी लिथुआनियाचं.

व्युत्पत्तीवेडा

कोणी काढला नाही म्हणून मीच मुद्दा काढतो. मधाला लिथुआनियन शब्द 'मेदुस'. आपलं संस्कृत 'मधु', मराठी 'मध'. चीजला 'सूरिस', आणि 'सूरुस' म्हणजे खारट. म्हणजे चीज हा शब्दच मुळात 'खारवलेलं' असा आहे. आता 'सूरिस सु मेदुमि' म्हणजे मधाबरोबर चीज. शेवटचं 'मेदुमि' ही तृतीया विभक्ती! आपण शाळेत रडत पाठ केली ती, हे लोक बाजारात वापरतात.

लिथुआनियन ही संस्कृतची लेकच आहे.

कावळा_नंबर_दोन

लेक नाही. फार तर लांबची चुलत बहीण. दोन्ही एकाच आदिम भाषेतून आल्या. लिथुआनियनने जुनी रूपं जास्त सांभाळून ठेवली एवढंच. दर धाग्यावर कोणीतरी कोणाला तरी संस्कृतची लेक करतं, मुली किती झाल्या ते तरी मोजा.

व्युत्पत्तीवेडा

बरं बाबा, चुलत बहीण. पण हे ऐका. त्यांची एक म्हण आहे: 'दिएवास दावे दान्तिस, दिएवास दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. भाषातज्ज्ञांनी तिची संस्कृत जोडी करून दाखवली आहे: 'देवः अददात् दतः, देवः दास्यति धानाः.' ही संस्कृत ओळ कुठल्या ग्रंथातली नाही, तुलनेसाठी रचलेली आहे, हे आधीच कबूल करतो, नाहीतर कावळे पुन्हा येतील. पण दुओना म्हणजे पाव आणि धाना म्हणजे धान्य, हे नातं खरं.

डब्लिनकर

दुओनाचं नाव निघालं म्हणून. चीजइतकाच तो काळा पाव महत्त्वाचा. राय नावाच्या धान्याचा, आंबवलेला, जड, किंचित गोडसर, बहुतेकदा त्यातही शहाजिरे. इथे आयर्लंडमध्ये लिथुआनियन लोक भरपूर आहेत, त्यांची दुकानं आहेत, तिथे दोन्ही मिळतं. पांढऱ्या मऊ पावावर हे चीज ठेवलंत तर फुकट घालवलंत.

पाव शिळा झाला की त्याचा दुसरा जन्म असतो. बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या, तेलात कडक तळायच्या, गरम असतानाच लसणाची सोललेली पाकळी त्यांच्यावर घासायची आणि वर किसलेलं चीज. केप्ता दुओना. बिअरबरोबर देतात. माझ्या लिथुआनियन सहकाऱ्याच्या घरी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा भजी आठवली. पावसात भजी, तसं थंडीत हे.

खवय्या_खान्देशी

किसलेलं चीज? धागाकर्त्या ताईंनी पहिल्याच प्रतिसादात किसायला बंदी घातली आहे.

नेमुनाकाठी

कडेचे सुकलेले तुकडे किसले तर चालतात. आजींना सांगू नका.

जुन्या_नकाशांचा_नाद

धागाकर्त्यांचं नाव वाचून थांबलो. कौनस नेमुनस आणि नेरिसच्या संगमावर. नदीने खाली निघालात तर उजव्या काठाला बेल्वेदेरिस येतं, आणखी खाली गेलात तर डाव्या काठाला टिल्सिट. लिथुआनियन लोक त्याला तिल्झे म्हणतात. 1807 मध्ये नेपोलियन आणि झार अलेक्झांडर याच नदीत मधोमध तराफा बांधून भेटले आणि तह केला. आणि टिल्सिटर हे आज जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये होणारं निमकडक चीज मूळचं याच गावचं. बाहेरून आलेले लोक तिथे आपल्या गावाकडचं चीज करायला गेले, पण दूध वेगळं, तळघराची दमट हवा वेगळी, तिथली बुरशी वेगळी. झालं भलतंच, आणि तेच नावारूपाला आलं. त्यातही कधी कधी शहाजिरे असतात!

दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव रशियाकडे गेलं, 1946 मध्ये त्याचं नाव बदलून सोव्हेत्स्क केलं. गावाचं नाव पुसलं, चीजचं राहिलं. लिथुआनियात दुकानात 'तिल्झेस' नावाचं चीज दिसतं का हो?

नेमुनाकाठी

दिसतं की! मी आजवर त्याला आडनाव समजत होते. रोजच्या सँडविचचं चीज आहे ते, स्वस्त. उद्या जरा आदराने घेईन.

पंचगंगेचं_पाणी

चीजमधलं मला काही कळत नाही, पण दूध संघाच्या गावचा आहे म्हणून एक विचारतो. तिकडे शेतकऱ्यांचे दूध संघ होते का? आमच्याकडे सकाळी साडेपाचला संस्थेत किटली घेऊन रांग लागते, फॅट बघतात, दर दहा दिवसांनी बिल. तसं काही?

नेमुनाकाठी

होते, आणि जोरात होते. व्हिल्नियस तेव्हा पोलंडकडे होतं, त्यामुळे दोन महायुद्धांच्या मधे राजधानी इथे कौनसला होती. त्या काळात दूध सहकारी संस्थांचा मध्यवर्ती संघ होता, पिएनोत्सेंत्रस. लोणी थेट परदेशात जायचं. त्यांची इमारत इथल्या मुख्य रस्त्यावर, लाइस्वेस आलेयावर, अजून उभी आहे. गोलाई घेतलेला कोपरा, लांबलचक खिडक्या. 2023 मध्ये कौनसची त्या काळातली वास्तुकला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे लोण्याच्या पैशातून बांधलेलं घर आज लोक तिकीट काढून आलेल्या पर्यटकांना दाखवतात.

पंचगंगेचं_पाणी

आमच्या संघाची इमारत कोणी दाखवायला नेत नाही. दिवाळीचा बोनस तेवढा बघायला जातो आम्ही.

शिकागोची_शमा

शिकागोत लिथुआनियन वस्ती फार जुनी आहे. इथल्या एका दुकानात मी 'ओबुओल्यू सूरिस' असं लेबल बघितलं, सूरिस म्हणजे चीज एवढं कळत होतं म्हणून आणलं. घरी कापलं तर तांबूस, चिकट, दालचिनीचा वास. दुधाचा थेंब नाही! सफरचंदाचा गर साखरेत आटवून, त्याच तिकोनी पिशवीत दाबून वाळवलेला. जाड आंबापोळीच समजा. त्याला चीज का म्हणतात ते आता तुमच्या पिशवीच्या वर्णनावरून कळलं. नवऱ्याने मात्र त्याच्यावर मिरपूड टाकली होती.

नेमुनाकाठी

मिरपूड! बरं, तेच सफरचंदाचं आणि वर्श्केचं धुरी दिलेलं, दोन्हीची पातळ चकती एकावर एक ठेवून खा. गोड, खारट, धुरकट. मी पाहुण्यांना हेच देते, आणि बनवायला लागतात दोन मिनिटं.

आणखी एक, विश्वास बसणार नाही म्हणून शेवटी ठेवलं होतं. इथे कोवळ्या काकडीला उभी चिरून मध लावून खातात. आणि बाजूला पांढरं चीज. जूनच्या 24 तारखेला योनिनेस असतं, वर्षातली सगळ्यात छोटी रात्र आटोपलेली असते, लोक शेकोटीभोवती जागलेले असतात, डोक्यावर फुलापानांची कडी असतात, आणि टेबलावर शहाजिरं घातलेलं चीज आणि बिअर हवीच. मागच्या वर्षी आजींच्या भाच्याच्या शेतावर गेले होते. रात्री साडेअकराला आभाळात उजेड होता. कोणीतरी माझ्या हातात काकडी ठेवली, मधाने बरबटलेली. मला कोशिंबीर आठवली, मग काहीच आठवलं नाही, नुसती खात बसले.

आजीचा_पंचा

पनीर म्हणालो ते शब्द मागे. काल करून बघितलं. अंड्याशिवाय. दोन लिटर म्हशीच्या दुधाला विरजण लावून दीड दिवस ठेवलं, इथल्या उन्हाळ्यात एक दिवसच पुरला असता. मंद आचेवर तापवायचं म्हणालात, मी बायकोशी बोलण्याच्या नादात मोठी ठेवली. चोथा रबरासारखा कचकच करणारा झाला. त्यात मीठ, शहाजिरे घातले, पंच्यात बांधलं, पोळपाटाखाली ठेवून वर पाण्याची कळशी ठेवली. सकाळी बघतो तर कळशी कलंडलेली आणि चीज एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ.

जाड बाजू मधाबरोबर खाल्ली. बरी लागली. चुकलं कुठे, आच?

नेमुनाकाठी

आचच. भांड्यात बोट घालून जेमतेम ठेवता येईल इतकंच तापू द्या, ढवळू नका, नुसतं कडेने सुरी फिरवून सोडवा. तासभर लागतो. म्हशीचं दूध असेल तर आणखी हळू. आणि कळशीऐवजी भरलेला कुकर ठेवा, त्याचं बूड रुंद असतं.

आजीचा_पंचा

उद्या पुन्हा लावतो. बायकोला माहेरी सोडून येतो आधी.